कोंब आलेल्या भाताचं इंधन

(रोहा. उत्पादन शुल्क खात्याचं कार्यालय, दुपार. आत अधिकारी मृणाली आणि शेतकरी दिनानाथ. उघड्या दाराबाहेर बाकावर काल पकडलेला नाथा, कोर्टात न्यायची वाट बघत.)

मृणाली: मग काल छाप्याच्या वेळी वेगळंच का सांगितलंत, दिनानाथराव?

दिनानाथ: घाबरलो, मॅडम. तुमची जीप बघून अख्खा गाव गोळा झाला. तुम्ही इचारलात भट्टी कोणाची, तर तोंडातून निघालं, 'गोठा माझा हाय, पण आत नाथा काय करतो मला काय ठाऊक.'

मृणाली: आणि आम्ही नाथाला उचललं.

दिनानाथ: व्हय. त्याच्यावर जुनी केस हाय ना. गावानं पण लगेच मान डोलावली.

मृणाली: आता खरं सांगा. भट्टी कोणाची?

दिनानाथ: माझी. अवकाळीत भाताला कोंब आले, व्यापारी हात लावंना. मोबाइलवर बघितलं, असल्या भाताचं स्पिरिट गाळून इंजिन चालतं. पेट्रोलात इथेनॉल असतंच की, मग आपल्या शेतातल्या पाण्याच्या पंपापुरतं आपण केलं तर काय बिघडलं, असं वाटलं.

मृणाली: कारखाने परवाना घेऊन करतात. परवान्याशिवाय एक बाटली गाळलीत तरी गुन्हा. मग ती इंजिनात ओता नाहीतर पोटात.

दिनानाथ: कोणी पिऊ नये म्हणून मी त्यात पेट्रोल मिसळत होतो.

मृणाली: तेही आपल्या मनानं चालत नाही. अर्ज केला होतात?

दिनानाथ: नाय. नाथा बोलला होता, 'आधी हापिसात इचार.' मीच हसलो त्याला.

मृणाली: तो यात आला कसा?

दिनानाथ: गाळायचं त्यालाच जमतं. चार वर्सांपूर्वी त्याची भट्टी मीच फोडली, तंटामुक्तीचा अध्यक्ष होतो. पुन्हा दारू गाळणार नाय म्हणून त्याच्या बायकोची, मैनाची शपथ घ्यायला लावली. तवापासून धाटावला कंपनीत जातो, एक शिफ्ट चुकवली नाय त्यानं. आणि यंदा मीच त्याच्या दारात गेलो.

मृणाली: तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. आणि हात त्याचाही लागलाय, तो सुटेलच असं मी सांगत नाही. ते कोर्ट बघेल.

दिनानाथ: लिहा. भट्टी माझी, त्याला भरीस घातला मी, खोटं बोललो मी.

मृणाली: इथं सही करा. बाहेर बसा.

दिनानाथ: नाथा...

नाथा: बस. ऐकलं मी सगळं.

दिनानाथ: काल का नाय बोललास? मी समोरच उभा होतो.

नाथा: तुझ्याकडंच बघत होतो. वाटलं, आता बोलशील. मग जीप सुटली.

दिनानाथ: चपलेनं मार मला.

नाथा: मारून काय करू? सुपरवायझरचा निरोप आला, कामावर येऊ नको. ते पण जाऊ दे. सकाळी मैना डबा घेऊन आली. म्हटलं, गो, ते इंजिनासाठी होतं. तिनं डबा ठेवला नि निघून गेली.

दिनानाथ: आत्ता जातो तिच्याकडं. पाया पडतो तिच्या.

नाथा: तिच्याकडं नको.

दिनानाथ: मग कोणाकडं?

नाथा: जाताना एवढंच बोलली, आज नळावर तिच्याशी कोणी बोललं नाय. आधी त्या बायकांना सांग.