पाच इंचांनी कुणाचं काय बिघडतं

नाही, मला एक सांगा, पाच इंचांनी कुणाचं काय बिघडतं? म्हणजे मी काय कुणाची भिंत सरकवली, की कुणाचं कुंपण हलवलं? पाच इंच! हे बघा, एवढे... वीतभरसुद्धा नाहीत. आणि तेवढ्यापायी तीन महिने मला अन्न गोड लागलं नाही, घरात बायकोनं कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या, आणि मी... पण नको, असं मधूनच सांगितलं तर तुम्ही मला नालायक म्हणाल. पहिल्यापासून सांगतो, मग खुशाल म्हणा.

तर तुम्हाला सांगतो, मी वजन-मापांच्या खात्यात इन्स्पेक्टर. बाजारात फिरायचं, दुकानदारांचे तराजू बघायचे, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या बघायच्या, खरी असली तर शिक्का, खोटी असली तर जप्त. अठ्ठावीस वर्षं हेच! एका म्हाताऱ्या कापडवाल्याची पट्टी सहा मिलिमीटर आखूड निघाली. तो बिचारा म्हणतो, "साहेब, वापरून वापरून टोक झिजलंय हो, एवढ्यानं कुणाचं काय जातं?" आणि मी काय म्हणालो माहितीये? "आज सहा मिलिमीटर, उद्या सहा सेंटिमीटर. खोटं ते खोटं." असा मी! आणि माझी स्वतःची उंची पाच फूट तीन इंच. लगेच वरखाली बघू नका, तीनच आहे. आमच्या हिची साडेतीन. अर्धा इंच तीच जास्त, पण लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एका शब्दानं कधी बोलली नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "आम्ही दोघं सारखेच," आणि सपाट चपला घालते. आता अशा बाईला फसवायचं म्हणजे... म्हणून तर मन जास्त खातं हो!

तर आमचं स्वतःचं घर झालं. त्याआधी सव्वीस वर्षं भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत ओटा म्हणजे खिडकीखाली ठोकलेली एक दगडी फळी, इतकी खाली, की भाजी चिरताना ही अर्धी वाकलेली. संध्याकाळी पाठ धरून बसायची आणि म्हणायची, "आपलं घर झालं ना, की मला एकच द्या. ताठ उभं राहून काम करता येईल असा ओटा. बाकी भिंतींना रंग नसला तरी चालेल." दागिने मागितले नाहीत, प्रवास मागितला नाही. एक ओटा मागितला!

म्हणून गेलो स्वयंपाकघरांच्या शोरूममध्ये. तिथे आता नवीनच प्रकार. पूर्वी कसं, कागदावर नकाशा दाखवायचे, आपण मान डोलवायची. आता डोळ्यांना चष्मा लावतात. चष्मा कसला, घोड्याची झापडं! ती लावली की तुम्ही थेट तुमच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात. म्हणजे तुम्ही नाही, तुमच्या जागी दुसराच एक गडी उभा, त्याला अवतार म्हणतात. तुम्ही मान वळवलीत की तो वळवतो, हात उचललात की तो उचलतो. आधी हिने लावला. दोन पावलं टाकली, आणि "अगंबाई, जमीन हलतेय" करत मटकन खाली बसली. पाणीबिणी दिलं. म्हणाली, "मला नाही जमायचं, तुम्हीच बघा. नाहीतरी आपली उंची एकच. तुम्हाला पुरलं की मला पुरलं." आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. विश्वासानं!

आणि मग ती शोरूममधली मुलगी. आधीच पाच सात, त्यात टाचांचे बूट, तिच्याशी बोलायचं तर माझी मान छताकडे. ती हातातल्या टॅबवर बोट रोखून विचारते, "सर, हाइट?" अहो, हळू विचारावं की नाही? मागे तीन गिऱ्हाइकं उभी! माणसाला वय विचारावं, वजन विचारावं, पगारसुद्धा विचारावा एक वेळ... माझ्या तोंडून निघून गेलं, "पाच आठ." कसं निघालं देव जाणे. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, "ओके सर" म्हणाली आणि टाकलं पाच आठ. मी मनात म्हटलं, खेळ तर आहे. पाच इंचांनी कुणाचं काय बिघडतं?

चष्मा चढवला आणि... काय सांगू तुम्हाला! जमीन लांब गेली. फ्रिजचा माथा दिसला! त्रेपन्न वर्षांत मी एकाही फ्रिजचा माथा पाहिलेला नाही, वर काय ठेवलेलं असतं याची मला कायम उत्सुकता. तेवढ्यात दुसरं कुठलंसं गिऱ्हाईक, तेही आपल्या अवतारात, शेजारच्या खोलीतले पडदे बघत बघत दारात आलं, "नमस्कार" म्हणालं, आणि त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या बरोब्बर समोर! अहो, मला माणसांच्या हनुवट्या ठाऊक, नाकपुड्या ठाऊक. आमच्या वरच्या साहेबांच्या डाव्या नाकपुडीत तीळ आहे, हे सबंध खात्यात फक्त मला माहीत आहे. डोळे असे एका रेषेत पहिल्यांदा भेटले. मी उलट "नमस्कार" म्हणालो, तर आवाजसुद्धा जाड निघाला.

"हाइट कम्फर्टेबल वाटतेय ना, सर?" ती मुलगी विचारते. कम्फर्टेबल! अगं, जन्मभर धाकट्या भावाचा सदरा घालून वावरलेल्या माणसाला आज कुणीतरी त्याच्या मापाचा दिला होता. मी म्हटलं, "एकदम." तर ती म्हणते, "मग ठीक. कारण या हाइटवरूनच ओटा, सिंक, वरची कपाटं, सगळी मापं आपोआप निघतात."

आता! आता सांगायचं की नाही माणसानं? "बाई, चुकलं, आठ नव्हे, तीन." संपला विषय. पण चष्म्याच्या आत मी पाच आठ होतो हो! पाच आठच्या माणसानं पाच तीनची कबुली कशी द्यायची, तुम्हीच सांगा. उलट मी काय म्हणालो? "ओटा अजून इंचभर वर घ्या. वाकावं लागतंय." वाकावं लागतंय म्हणे. मला!

बरं, तिथेच थांबलो का? छे! चार वेळा गेलो. घरी सांगायचो, पाण्याची लाइन बघून येतो, प्लगची जागा बघून येतो, आणि तिथे जाऊन नुसता उभा राहायचो. फ्रिजच्या माथ्यावर हात ठेवून. आणि ही इकडे शेजारणीला सांगतेय, "यांनी किती मनावर घेतलंय बघा माझं स्वयंपाकघर." ऐकलं आणि कानशिलं तापली माझी. पण बोललो नाही. म्हटलं, करतात हे लोक काहीतरी कमीजास्त, पाच इंचांनी कुणाचं काय बिघडतं?

मग फिटर आला कपाटं बसवायला. शहाणा माणूस. ओटा बघतो, मला बघतो, पुन्हा ओटा बघतो. "साहेब, जरा वर नाही वाटत?" मी म्हटलं, "मापं मी दिलीत. माझा धंदाच मापांचा आहे." तो म्हणाला, "मग काय बोलायचंच नाही," आणि ठोकलं सगळं.

पहिला दिवस. हिने नवीन साडी नेसली हो स्वयंपाकघरासाठी! पीठ मळायला घेतलं तर कोपरं पार खांद्यांपाशी. खांद्यातून जोर लावतेय, परात पुढे पळतेय. मग वरच्या कपाटातून बरणी काढायला हात वर केला, तर बोटं दाराच्या खालच्या कडेला टेकली आणि तिथेच थांबली. टाचा उंचावल्या, तरी नाही. ती कपाटावर चिडली नाही, माझ्यावर चिडली नाही, आपल्याच हाताकडे बघत राहिली, आणि मला म्हणते, "अहो, मी बुटकी व्हायला लागले का?"

झालं! देवानं ताटात वाढून दिली होती संधी. आणि मी, अठ्ठावीस वर्षं लोकांची खोटी मापं पकडणारा मी, वर्तमानपत्राच्या आडून काय म्हणालो? "वयानं होतं थोडं." कसा म्हणालो, अजून मला कळलेलं नाही. जीभ झडायला हवी होती.

त्या दिवसापासून ही स्टुलावर चढून बरण्या काढतेय, दुखरे खांदे चोळतेय, आणि जाता-येता भिंतीला पाठ लावून डोक्यावर पेन्सिलीनं खूण करतेय. "आईचं असंच झालं होतं," म्हणते. "शेवटी शेवटी एवढीशी झाली होती." रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगायचं. रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या. शेवटी म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊ या." जाऊ या तर जाऊ या, डॉक्टर मोजेल, साडेतीन भरेल, हिची भीती जाईल, आणि माझं नावही निघणार नाही. काय छान हिशेब केला होता!

डॉक्टरनं मोजलं. पाच फूट साडेतीन. "पूर्वी किती होती?" ही म्हणते, "नोंद कुठे आहे? पण आम्ही दोघं सारखेच. यांची मोजा ना, म्हणजे कळेल." आणि डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणतो, "या, उभे राहा."

आता नीट ऐका. मला फक्त उभं राहायचं होतं. काही बोलायचंही नव्हतं. नुसतं खरं उभं राहायचं. पण तुम्हाला सांगतो, शाळेपासून डोक्यावर पट्टी आली की माझ्या टाचा आपोआप उचलल्या जातात, आणि पँटचे पाय मी शिंप्याला सांगून लांब ठेवतो, त्यात टाचा दिसत नाहीत. सवय हो! डॉक्टर आकड्याकडे बघतोय, ही आकड्याकडे बघतेय, आणि आकडा म्हणतो, पाच फूट पाच. मला कळत होतं. टाचा खाली टेकायला एक क्षणसुद्धा लागला नसता. मी टेकल्या नाहीत. आणि समोर हिचा चेहरा असा हळूहळू उतरला... "म्हणजे दीड इंच गेली माझी," ती म्हणाली. डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. येताना रस्ताभर माझा हात धरून चालत होती, पडले-बिडले तर हाड मोडेल म्हणून.

पाच इंचांनी कुणाचं काय बिघडतं, हे वाक्य त्यानंतर माझ्या तोंडून निघेना. दुसऱ्या दिवशी बाजारात एका कापडाच्या दुकानात पट्टी तपासायला घेतली, दुकानदारीण म्हणाली, "बघा साहेब, खरी आहे," आणि मला तिच्याकडे मान वर करून बघवेना. शिक्का मारला आणि सटकलो.

आणि मग एके दिवशी दुपारी. ही बहिणीशी फोनवर बोलत होती. बहीण बहुतेक म्हणाली असावी, ओटाच उंच असेल. तर ही काय म्हणते? "छे गं! यांनी स्वतः चार वेळा जाऊन बघितलाय. मापाच्या बाबतीत यांना कोण बोलणार? स्वयंपाकघर अगदी बरोबर आहे. मीच कमी पडतेय."

नाही राहवलं. फोन ठेवायच्या आत बोलून टाकलं, सगळं, पाच आठ, चष्मा, चार फेऱ्या, डॉक्टर, टाचा, सगळं एका दमात, आता तुम्हाला सांगतोय तसंच. हिने फोन ठेवला. गॅस बंद केला. आणि पहिलं काय विचारावं? "म्हणजे मी आहे तेवढीच आहे?" मी म्हटलं, "तेवढीच." तिनं एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, सुटलो! हसेल आता. तर ती स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "उंचीचं समजू शकते. माणसाला वाटतं. मला सांगितलं असतंत तर मीच म्हटलं असतं, टाका पाच दहा. पण मी समोर उभी होते, घाबरलेली. टाचा कशाला उचलून धरल्यात?"

सांगा. तुमच्यापैकी कुणाला येत असेल उत्तर तर सांगा.

फिटरला पुन्हा बोलावलं. "मी बोललो होतो," तो म्हणाला, "पण तुम्ही पडलात साहेब." ओटा खाली घ्यायचा तर सगळा दगड फोडावा लागेल, म्हणाला, त्यापेक्षा माणूस वर घ्या. म्हणून आता ओट्याच्या पुढे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी चौथरा ठोकलाय. पाच इंच उंच. मी मोजून घेतला. ही त्यावर ताठ उभी राहून स्वयंपाक करते, गोळ्या बंद झाल्या, भिंतीवरच्या खुणा पुसल्या. भांडण नाही, अबोला नाही. फक्त जेवणं झाली की सगळी भांडी सिंकमध्ये ठेवते आणि बाहेर जाऊन बसते. मग मी चढतो. रोज पाऊण तास मी पाच फूट आठ इंच असतो, चष्म्याशिवाय, कोपरापर्यंत साबणात. आणि मधेच ही पाणी प्यायला आत येते, एका शब्दानं बोलत नाही, खाली वाकते, दोन बोटांनी माझ्या पँटची खालची कड वर करते, टाचा टेकल्यात का ते बघते... आणि जाते.

टेकलेल्या असतात हो. आता टेकलेल्याच असतात.