शेंदूर कुणी घातला?

...नाही, हसा तुम्ही, हसायला काय जातं, पण मला एक सांगा, ज्या माणसाला रोज सकाळी उठून स्वतःच्या हातानं धोतराची गाठ मारता येत नाही, बायकोला हाक मारून 'जरा इकडे ये' म्हणावं लागतं, त्या माणसाला जर वाटलं की आपल्याला कुणीतरी विष घालतंय, तर त्यात त्याचं काय चुकलं? आणि विषसुद्धा साधंसुधं नाही, खास गवयाला घालतात ते. शेंदूर! दुसरं काय? पानातून घालतात, पेढ्यातून घालतात, पोटात गेला की गळा बसलाच म्हणून समजा. हे मला माझ्या गुरूंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं, आणि आमच्या नाटक कंपनीत नवा पेटीवाला आला तरी पहिल्या दिवशी हेच शिकतो की बाबा रे, दुसऱ्याच्या डब्यातलं पान खाऊ नकोस.

तुम्हाला सांगतो, मी चिंतामणी. कोण चिंतामणी म्हणता? बघा, हीच तर रड आहे! शालू नेसून आलो की अख्खं सोलापूर ओळखतं, आणि धोतर नेसून नवी पेठेत भाजी घ्यायला गेलो की कुणी वाटसुद्धा देत नाही. बावीस वर्षं मी नायिका केली हो. रंग लावला की सोळा वर्षांचा, धुतला की बेचाळीस. आणि रंग म्हणजे काय, तोंडाला पीठ फासणं नव्हे. सफेदा, म्हणजे पांढऱ्या रंगाची पूड, आणायचा तो मी स्वतः पारखून, खलात घोटायचा तो मी स्वतः, आणि नीट घोटला गेला की नाही हे कसं बघायचं? बोटानं? छे, बोटाला काय कळतं! चिमूटभर जिभेवर ठेवायचा. किरकिरला की पुन्हा घोटायचा. गुरूंनी शिकवलेलं आहे, बावीस वर्षांत एक दिवस चुकवलं नाही. चांगला सफेदा किंचित गोडसर लागतो, माहीत आहे का तुम्हाला? कसं माहीत असणार.

तर सांगत काय होतो... हां, पोट. दिवाळीला कंपनीचा मुक्काम सोलापुरात पडला आणि माझ्या पोटात पीळ पडायला लागला. पीळ म्हणजे असा, की धोब्यानं ओलं धोतर पिळावं. चार-चार दिवस पोट साफ नाही, एरंडेल पिऊन पिऊन त्याचा वाससुद्धा नको झाला, तोंडात सारखी खिळा चघळल्यासारखी चव. आणि एके दिवशी तालमीत वरच्या षड्जाला गेलो तर आवाज अर्ध्या वाटेवरून परत. तिथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेंदूर! दुसरं काय?

आता घालणार कोण? विचार करा. आमच्याकडे एक मुकुंद म्हणून आहे, टेंभुर्णीचा, बाविशीतला, माझ्या सखीचं काम करायचा. दिसायला गोड, गळा गोड, बोलणं त्याहून गोड. आणि हा मुकुंद रोज माझ्यासाठी पान लावून आणायचा. रोज! का बरं? मी पडलो तर नायिका कोण होणार? तोच की. होळीनंतर नवं नाटक उभं राहायचं होतं, त्यात सबंध तेवीस पदं नायिकेला, आणि मालक आधीच मला म्हणून बसले होते, "पंत, आवाज सुधारा, नाहीतर मला दुसरी सोय बघावी लागेल." दुसरी सोय म्हणजे मुकुंद. माझ्या हातातून नायिका गेली तर मी काय करणार होतो? दुसरं मला येतं काय?

मग काय, पान बंद. मुकुंदानं आणलं की 'ठेव' म्हणायचं आणि खिडकीतून टाकायचं. कंपनीचा आचारी ज्ञानबा, मंगळवेढ्याकडचा, त्याला समोर बसवायचा. "ज्ञानबा, आधी तू खा."

"पंत, म्याच रांदलंय आन् मीच चाखू व्हय?"

"खा म्हणतो ना."

खायचा बिचारा. आमटी चाखायचा, भात चाखायचा, शिऱ्याची तर अर्धी वाटी चाखायचा. महिन्याभरात मी वाळत गेलो आणि ज्ञानबा सुटत गेला, बंडीचे बंद पुरेनात त्याला. एक दिवस ढेकर देऊन म्हणतो, "पंत, ह्ये इख मला लई मानवलं की."

पण मला हसू येत नव्हतं हो. पाण्याचा तांब्या मी कुलपात ठेवत होतो, दूध डोळ्यांदेखत तापवून घेत होतो, आणि तरी पीळ चालूच. म्हणजे घालणारा मला दिसत नव्हता आणि घालायचं थांबत नव्हता. अशा वेळी माणसाला झोप लागते का? ग्रीनरूममध्ये कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तरी मी दचकायचो. चैन पडायचं ते फक्त आरशासमोर, रंगाची पेटी उघडली की. तिला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं.

आणि मग हात पडला. नायक लढाईला निघालाय, मी दारात उभी, आणि निरोपाचा हात वर करायचा. दंड वर आला, कोपर वर आलं, आणि मनगट? मनगट खाली लोंबतंय. मी आतून जोर लावतोय, कपाळावर घाम फुटलाय, आणि पंजा काही केल्या उचलत नाही. मनात म्हटलं, संपलं, आता शिट्ट्या. आणि पिटातून आवाज काय आला? "वाहवा... वन्समोअर!" तीनदा, तुम्हाला सांगतो, तीनदा मला तो लुळा हात वर करायला लावला. त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणे सोलापुरातल्या निम्म्या बायका अशा मनगट सोडून वाण देत होत्या. मालक तर हरखून गेले, "पंत, काय जागा काढलीत मनगटाची!"

म्हटलं, "मालक, हात वर होत नाही."

"मग कशाला करता वर? आहे तसाच राहू द्या."

कुणाला सांगणार? पुढच्या प्रयोगात स्वयंवर. वरमाला दोन्ही हातांत, आणि आता दुसरंही मनगट गेलेलं. आमचा नायक सिद्धलिंगप्पा, सहा फूट उंच, आखाड्यात कसलेला गडी. माळ काही त्याच्या गळ्यापर्यंत पोचेना. तो जरा वाकला, आणखी वाकला, शेवटी गुडघ्यावर आला आणि दातांतल्या दातांत म्हणतो, "पंत, घाला की हो, मान अवघडली." लोक रडत होते, काय हे प्रेम म्हणून! आणि मी पदराआड खरंच रडत होतो. भीती वाटत होती मला. घरी आलो तर पाण्याचा पेला हातातून निसटला, आणि पद्मजेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला लहान मुलासारखं पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांदेखत मी मुकुंदाला धरला. धरला कसला, हात कुठं वळत होते, नुसता अंगावर गेलो. "बोल, शेंदूर किती दिवस घालतोस?" पोरगा पांढराफटक. म्हणतो, "पंत, तुम्हाला कात जास्त लागतो आणि दुसरं कुणी तो बरोबर घालत नाही, म्हणून मी पान लावत होतो." आणि ढसाढसा रडायला लागला. मी म्हटलं, रडण्याचं सोंग मला शिकवतोस? बावीस वर्षं मी तेच करतोय!

शेवटी पद्मजेनंच मला टांग्यात घातला आणि डॉक्टरकडे नेला. बसवराज डॉक्टर, अक्कलकोटकडचे, भाषा आमच्यासारखीच पण मधे मधे कानडी हेल. संध्याकाळी प्रयोग होता म्हणून रंगाची पेटी तिच्या मांडीवर. डॉक्टरांनी मनगट उचललं, सोडलं, ते पडलं. ओठ वर करून हिरड्या बघितल्या.

"छापखान्यात असता काय हो?"

"नाटकात."

"खिळे जुळवत नाही? मग ही काळी रेघ हिरडीला कशी आली की? गेल्या महिन्यात छापखान्यातला एक जण आला होता, त्याचा हात असाच. शिसं आहे हो तुमच्या पोटात."

तुम्हाला सांगतो, मी खुर्चीतून उठलोच. "डॉक्टर, शेंदूर शिशाचाच असतो ना?"

"असतो की."

"बघ!" मी बायकोला म्हटलं, "बघ, मी सांगत होतो की नाही? शेंदूर! दुसरं काय?" इतका आनंद मला वन्समोअरचासुद्धा झाला नव्हता. विष ठरलं ना एकदाचं! मुकुंदाच्या पानाची सगळी हकीकत मी डॉक्टरांना सांगून टाकली.

पण डॉक्टर मान हलवत होते. "एका पानानं असं होत नाही हो. हे रोज जायला लागतं. थोडं थोडं, पुष्कळ वर्षं. मुकुंद किती वर्षं झाला तुमच्याकडे?"

"दोन."

"मग तो नव्हे. वीस वर्षं रोज तुमच्याजवळ कोण असतं?"

आणि... कसं सांगू तुम्हाला. मी सावकाश मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. क्षणभरच. पण तिनं बघितलं की मी बघितलं ते. माझ्या धोतराची गाठ मारणारी, मला पाणी पाजणारी बाई, आणि मी तिच्याकडे तसं बघितलं. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

तिनं मांडीवरची पेटी उचलली, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, उघडली. "हे रोज जिभेवर ठेवून बघतात ते काय आहे, एवढं बघा."

डॉक्टरांनी डबा हातात घेतला. "सफेदा. शिशाचाच. जिभेवर ठेवता? रोज?"

"किरकिरतो का बघायला..."

"आणि हे ओठांना?"

"हिंगूळ."

"ते पाऱ्याचं. कुंचल्याला टोक कसं काढता?"

"ओठांत धरून."

"आणि गालाला लाली?"

आता काय सांगू हो. म्हटलं, "खोबरेल तेलात थोडासा... म्हणजे अगदी चिमूटभर..."

"काय चिमूटभर?"

"शेंदूर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि पेटीचं झाकण लावलं.

तर असा सापडला विष घालणारा. बावीस वर्षं रोज, नेमानं, स्वतःच्या हातानं. रंग बंद करा म्हणाले, नाहीतर हात कायमचा जाईल आणि हातावर थांबेल याची खात्री नाही. म्हणजे नायिका की मनगट, काय हवं ते सांगा. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी धोतराची गाठ इतकी करकचून मारली की मला कळलं, राग उतरायला लागलाय. मी नायिका सोडली. नव्या नाटकाची तेवीस पदं मुकुंदाला गेली आणि मी विंगेत पुस्तक धरून बसलो, चुकलेल्याला शब्द सांगायला. मुकुंदाची मी सगळ्यांदेखत माफी मागितली, आणि म्हटलं, बाबा रे, हा सफेदा लावू नकोस, डॉक्टर म्हणतात जस्ताचाही मिळतो, तो आण. तर तो म्हणतो, "त्यानं तितका उजाळा येत नाही, पंत." आणि मालक मला बाजूला घेऊन म्हणतात, "पोराला भिववू नका हो, तुमचा जीव जळतो ते कळतं आम्हाला." जळतो! जळतोच, मी कुठं नाही म्हणतो? पण म्हणून खोटं बोलतो का मी?

चार महिन्यांनी माझी बोटं उचलायला लागली. मग पंजा. परवा धोतराची गाठ मी मारली, ढिली बसली, पण मी मारली, आणि बायकोनं डोळ्याला पदर लावला.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी मुकुंद दारात. "पंत, लोक म्हणतात निरोपाच्या प्रवेशात तुमच्यासारखं मनगट पडत नाही. तेवढं शिकवा."

म्हटलं, "शिकवायला कशाला हवं? तोच डबा लावत राहा. दहा वर्षांत आपोआप येईल."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. म्हणतो, "पंत, प्रयोग शनिवारी आहे."

उभा राहिलो, दंड उचलला, कोपर उचललं, मनगट सोडलं. बरोबर येईना. पुन्हा केलं. आरशासमोर केलं. दहा वेळा करून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी तो मेला पंजा आपला ताठ उभा... शेवटी पोरगं अगदी अदबीनं म्हणालं, "राहू द्या, पंत. तुम्हाला आता ते जमत नाही."