आईच्या डोक्यावरची मोटार

मलकापूरच्या एसटीत झुंबरबाईंचा डोळा लागत होता, तेवढ्यात मागच्या सीटवरचे बाप-लेक बोलायला लागले.

"आबा, आईचा फोटो इंटरनेटवर टाकला न्हवं, त्या पानाचा ह्यो प्रिंट."

"दुबईत पृथ्वीराजला दिसला?"

"व्हय की. मातीला येता आलं न्हाय, पर फोटो बघून पोटभर रडला दादा."

"इंटरनेटवर फोटोला फुकट जागा देणाऱ्याला गुळाची ढेप धाडू, सोनम."

"आबा, त्यो अमेरिकेत हाय!"

"मग? तिकडं च्या पीत न्हाईत व्हय? आन् फोटोत तुज्या आईच्या डोक्यावर ही मोटार कसली?"

"जाहिरात हाय. फुकटच्या जागेत ती येतीच. पैसे भरलं की निघंल."

"काढू नगं. मोटारीत बसायची लई हौस व्हती तिला. ऱ्हायलीच बघ."