थेट घरी यायचं नाही

नाव फेलिसिदाद मागबानुआ, वय ७४, धंदा घरकाम आणि नातीचं कौतुक (हे चालत नसेल तर नुसतं घरकाम लिहा), राहणार विनिपेग, कॅनडा.

मी समक्ष विचारल्यावरून सांगते की, अर्लीन ही माझी नात. इथल्या इस्पितळात तातडीच्या विभागात नर्स आहे. तिचा पदवीचा फोटो मी दारासमोरच लावलाय, मीटर बघायला येणाऱ्यालाही दाखवते.

आम्हा फिलिपिनो लोकांत मयताहून थेट घरी येत नाहीत. वाटेत कुठेतरी टेकायचं, म्हणजे गेलेला जीव मागोमाग घरात शिरत नाही. वॉर्डात कोणी गेलं की अर्लीन डोनटच्या दुकानात बसून मगच येते. मला नारळाचा डोनट आणते. नारळ कसला, साबणाचा कीस, पण मी खाते. या हिवाळ्यात रोज खाल्ला.

आज पहाटे नदीवरचा बर्फ फुटून पाण्यात पडलेला चार वर्षांचा मुलगा आणला होता. त्याची छाती अर्लीन दाबत होती. तो गेल्यावर चादर बदलून त्याच खाटेवर दुसरा पेशंट घेतला. निघताना वॉर्डाच्या मुख्य बाईंनी तिला मनाच्या आधाराचा फोन नंबर दिला. हे मला नंतर कळलं.

दुपारी कॉन्स्टेबल फ्रीसन दारात आले. दुकानासमोर ती सकाळपासून गाडीत बसलीय, काच उघडत नाही, मॅनेजरची तक्रार आहे म्हणाले. दारू घेते का, विचारलं. मी म्हटलं, "पोरा, ती रमचा केकसुद्धा खात नाही." त्यांनी मला तिथे नेलं. त्यांच्या गाडीची सीट गरम होते, छान आहे.

नात गाडीत एकटी होती. मला बघून तिने काच खाली केली. मांडीवर फोन होता. तुमचा नंबर लागेपर्यंत थांबा, असं यंत्र सांगत होतं, मध्येच बाजा वाजत होता.

"चल गं घरी. भात निवला."

"लोला, तीनदा आत जाऊन बसून आले. तो उतरतच नाही." (लोला म्हणजे आमच्यात आजी.)

"कोण?"

मागच्या रिकाम्या सीटला पट्टा लावलेला होता.

मी त्या सीटशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मग येऊ दे त्यालाही. भात पुष्कळ आहे."

तेव्हा ती रडली. फ्रीसनसाहेब पाठ करून काचेवरचा बर्फ खरवडत राहिले. फोन मी बंद केला नाही, नंबर लागला तर लागू दे. घरी पोचल्यावर पट्टा मीच सोडला.

तिने कोणाला त्रास दिलेला नाही.

हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे. फक्त 'एकटी होती' एवढं खोडायला सांगून सही केली.