शिट्टी झाली होती म्हणे

नाही, तिथं नका बसू ग्रिमशॉसाहेब, ती खुर्ची डुगडुगते — इकडे या, माझ्या उजव्या हाताला, शेकोटीजवळ. हं, आता कसं! ही एडा, माझी बायको. एडा, चहा ओत गं साहेबांना. तर तुम्ही साउथबेकहून एवढ्या लांब आलात, तुमच्या फुटबॉल क्लबला कडेनं पळणारा गडी हवाय, आणि हा विल्फ एन्ट्विसल तेवढा मोकळा सापडला. आता मोकळा का, ते आमच्या क्लबवाल्यांनी सांगितलंच असेल. तुमचे कान भरल्याशिवाय राहतायत होय ते! विल्फ माजलाय, विल्फ कुणाचं ऐकत नाही — असंच ना?

अहो, याच मंडळींनी आम्हाला मैदानावरून उठवून लढाईवर धाडलं. पोरं तिकडे मरतायत आणि तुम्ही चेंडू कसले लाथाडताय, असं लोक तोंडावर बोलायचे. अध्यक्षांनी पाठीवर थाप मारली — जा रे, तुमच्या जागा कुठं पळून जात नाहीत! पाच जण गेलो, दोघं आलो. आणि जागा? माझ्या जागेवर दुसराच उभा! पंचविशीत गेलो ते तिशीत परतलो साहेब, खेळाडूची खरी वर्षं तीच, ती सगळी फ्रान्सच्या चिखलात गेली. चीड येणार नाही तर काय होईल माणसाला? पुन्हा धडपडून संघात शिरलो, तेसुद्धा डाव्या कडेला — मीच मागून घेतली डावी कड. का म्हणजे? सगळं मैदान उजवीकडे येतं ना, हाका बऱ्या कानावर... म्हणजे दोन्ही कान बरे आहेत हो. खंदकात शेजारी तोफगोळा फुटला, पण तो काय, सगळ्यांच्याच शेजारी फुटला.

काय म्हणालात? हो हो, थंडी आहेच यंदा. — काय गं एडा? — अच्छा, गुडघे होय! गुडघे ठणठणीत आहेत, घोड्यासारखे.

राहता राहिला तो गोल. तो सांगितला असेल रंगवून! शिट्टी झाली होती म्हणे. झाली असेल! मी एकटाच पळत सुटलो, चेंडू जाळ्यात मारला, हात वर करून नाचलो — आणि सगळं मैदान हसतंय. मला दिसत होती की तोंडं, उघडी तोंडं, हजारो! मला वाटलं, माझाच जयजयकार चाललाय. पण शिट्टी ऐकायची गरजच काय मुळात? समोरच्या गड्याचे खांदे बघायचे. शिट्टी झाली की खांदे पडतात माणसाचे, आपण थांबायचं. सगळा हंगाम काढला मी असा, कुणाला पत्ता नाही! त्या दिवशी समोरच्या संघातला तो हरामखोर शिट्टीनंतरही मुद्दाम पळत राहिला माझ्यासोबत. त्याला कळलं होतं. कळलं होतं म्हणजे... काही नाही, सोडा. चहा घ्या. जरा निखारे सारतो हं, विझायला आलेत.

हं, तर आता तुमचं बोला. मला अजून दोन हंगाम सहज... एडा? डोळ्यांना एप्रनचं टोक का लावतेस? साहेब, माझी पाठ होती तेव्हा काही विचारलंत का? मग परत विचारा की! या बाजूनं विचारा. शेकोटी धडधडते, चिमणीत वारा घुमतो, कुणालाही नसतं आलं ऐकू! एकदा मैदानावर बघा मला, ग्रिमशॉसाहेब, एकदाच. मला दुसरं काही येत नाही हो. मी काय करू घरी बसून?

हे काय? असं तोंड फाडून, एकेक शब्द चावून काय बोलताय? मी काय तान्हं पोर आहे? नका बोलू माझ्याशी असं! एडा, यांची टोपी दे. निघा तुम्ही. आणि दारात उभं राहून हिच्याशी हळू आवाजात बोलायचं नाही — मोठ्यानं बोला खुशाल, मला कुठं कळणार आहे!