त्रेचाळीस जणी, एक फोन

एनिफा : बेचाळीस वेळा? आमच्या मायीनं स्वतःचंच नाव बेचाळीस वेळा चुकवलं?

टाकोंड्वा : यादीत तसं दिसतं, ताई. चर्चच्या मेळाव्यासाठी तुमच्या महिला मंडळातून नाव एकच आलंय, मायी नाम्बेवे यांचं. त्यापुढे लिहून येतं, दुरुस्त्या बेचाळीस. ऑफिसात सगळे हसले. म्हणाले, म्हातारबाई बटण दाबत बसल्या असतील. मला काही हसू येईना. फोन केला, तर लागेना.

एनिफा : लागेल कसा? तुमच्या फॉर्मनं तीन दिवस फोनचा जीव खाल्ला. दुकानात चार्जिंगला पडला होता, आज आणला.

मायी : एनिफा, पोर झोम्बा शहरातून आली आहे, शेवटचा रस्ता सायकलच्या मागे बसून. आधी तिला थोब्वा दे, घसा ओला करू दे. मग भांड.

(तिघी टेकडीएवढ्या मोठ्या, जुन्या वारुळाच्या माथ्यावर बसल्या आहेत. गावात नेट येतं ते इथंच.)

टाकोंड्वा : मायी, फॉर्म नक्की कुणी कुणी भरला?

मायी : सगळ्यांनी. आम्ही त्रेचाळीस जणी आहोत. चालता फोन एनिफाचा तेवढा. एकेक जण इथं वर चढायची, एनिफा लिहायची. पण शेवटचं बटण जिचं तिनं दाबायचं, असं आमचं ठरलं होतं. ‘धन्यवाद, तुमची नोंद झाली’ असं आलं की खाली बायका टाळ्या वाजवायच्या.

टाकोंड्वा : आणि तुम्ही?

मायी : मी सगळ्यांत शेवटी. मंडळाची प्रमुख आधी हात धुऊन जेवायला बसत नाही, बाळा. सगळ्यांचं झाल्यावर तिचं.

टाकोंड्वा : मग चूक माझी आहे. शहरात माणसं एकच फॉर्म तीन-तीनदा भरतात, जेवण वाया जातं. म्हणून फॉर्म बनवताना मी एका नंबराला एक माणूस असं धरलं. त्याच नंबरावरून पुन्हा काही आलं की जुनं पुसायचं, नवं ठेवायचं.

एनिफा : पुसायचं?

टाकोंड्वा : दुसरीनं बटण दाबलं तशी पहिली पुसली गेली. तिसरीनं दाबलं तशी दुसरी.

एनिफा : आणि वर ‘धन्यवाद’.

टाकोंड्वा : हो.

एनिफा : म्हणजे टाळ्या आम्ही एकमेकींना पुसल्याच्या वाजवल्या. ती बघ, खाली आंब्याच्या सावलीत बसली आहे ना, ती आगोगो एस्नार्ट, आम्हा सगळ्यांची आजी. तिला पाठीवर घेऊन चढले होते मी या वारुळावर. बटण दाबून रडली ती. डोंगरावरचा मेळावा तिला मरायच्या आत एकदा बघायचा आहे. बोचकं बांधून ठेवलंय. तिला आता तू सांगतेस की मी सांगू?

मायी : हळू, एनिफा.

टाकोंड्वा : बोलू द्या, मायी. यादी आज चार वाजता यजमान चर्चकडे जाते. जितकी नावं तितक्या चटया, तितकं जेवण. ट्रकही नावं बघूनच सुटतो. एका नावासाठी तो इतक्या लांब येणार नाही.

एनिफा : मग मायी एकटी चालत जाईल आणि त्रेचाळीस जणींच्या वतीनं जेवून येईल.

मायी : वाजले किती?

टाकोंड्वा : दोनला दहा कमी.

एनिफा : निम्म्या बायका तळ्यावर मासळी वाळवतायत, निम्म्या भातात. चारच्या आत कुणाकुणाला वर चढवणार?

मायी : चढायचं कशाला? पोरी, फॉर्म इथं बसून बदलता येतो का?

टाकोंड्वा : लॅपटॉप आणलाय. ताईंच्या फोनचं नेट घेईन. एक नंबर आणि हवी तितकी नावं, एवढं अर्ध्या-पाऊण तासात जमेल. पण नावं कुठून आणायची?

एनिफा : मंडळाची वही पुरातच गेली.

मायी : रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी मी एकेकीचं नाव घेऊन प्रार्थना करते. एकोणीस वर्षं झाली. तापातसुद्धा खाडा नाही केला. नावं आहेत माझ्यापाशी.

टाकोंड्वा : मग मी कामाला लागते. नाव, आडनाव, जन्मतारीख…

एनिफा : जन्मतारखेपाशीच आमचा अर्धा दिवस गेला. आगोगो म्हणाली, मोठ्या दुष्काळाच्या साली, भुईमूग काढताना. ते लिहिलं तर फॉर्म लाल अक्षरांत म्हणाला, चूक. म्हातारी घाबरली. म्हणाली, आपला जन्मच चुकीचा की काय.

टाकोंड्वा : काढली जन्मतारीख. मेळाव्याला यायला वय कशाला? आणि आडनाव?

मायी : देवापुढे मी कुणाचं आडनाव घेत नाही. तमांडाची आई, चिसोमोची आई, असंच म्हणते. त्याला कळतं.

टाकोंड्वा : मग प्रश्न एकच ठेवते. ‘तुम्हाला काय म्हणतात?’

एनिफा : आणि तो जेवणाचा. ‘आहाराविषयी विशेष सूचना.’ त्याच्यापुढे काय लिहायचं ते कुणालाच कळेना. शेवटी मी सगळ्यांच्या नावावर लिहिलं, ‘पोटभर’.

टाकोंड्वा : ते तुम्ही होय? मायींच्या नावापुढे तेवढंच दिसत होतं, ‘पोटभर’.

मायी : माझ्या नावावर?

एनिफा : सगळ्यांना एकच न्याय, मायी.

मायी : पोरी, विचारायचंच तर हे विचार. ट्रकवर चढताना कुणाला हात द्यावा लागतो. कुणाच्या पाठीवर तान्हं आहे. रोजची गोळी कुणाला चुकवून चालत नाही.

टाकोंड्वा : हे मला सुचायला हवं होतं.

मायी : तू विचारायला आलीस की. पूर्वी कागदी फॉर्म यायचे, भरून आम्ही पाठवायचो. कधी नावं यादीत लागायची, कधी नाही. नाही लागली म्हणून आजवर कुणी बघायला आलं नाही. तू सायकलवरून उतरलीस तेव्हाच मी मनात हात जोडले.

एनिफा : मी नव्हते जोडले. आता जोडते, थोडेसे. घे, थोब्वा घे अजून.

टाकोंड्वा : झालं. तीनला पाच कमी आहेत. सांगा, मायी.

मायी : डोळे मिटून सांगते, नाहीतर ओळ मोडते. आगोगो एस्नार्ट, तिला हात द्यावा लागेल. तमांडाची आई. चिसोमोची आई, तान्हं आहे पाठीवर. लुसियाची आई, तिची साखरेची गोळी…

टाकोंड्वा : जरा दमानं. हं, पुढे.

एनिफा : सत्तावीस झाल्या. नेट आहे का?

टाकोंड्वा : दोन रेघा आहेत. हलू नका फक्त.

मायी : …मग एनिफा. तिची जीभ सांभाळ, देवा, आणि तिच्या पाठीला बळ दे.

एनिफा : ते लिहू नकोस गं.

मायी : मग मी. आणि मग ती, जिनं हा फॉर्म केला.

टाकोंड्वा : मायी, ही चव्वेचाळिसावी कोण?

मायी : फॉर्म आला त्या दिवसापासून घेते. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून तसंच म्हणायचे. कुणीतरी बसून आमच्यासाठी एवढे प्रश्न लिहिले, तिलाही सुखी ठेव म्हणून.

एनिफा : का थांबलीस? लिही. तुलाही चटई लागेलच की.

टाकोंड्वा : लिहिते. अक्षरं जरा दिसत नाहीत.

मायी : पूस डोळे. चार वाजायला वेळ आहे अजून.

टाकोंड्वा : पाठवलं. आता नुसतं ‘धन्यवाद’ येणार नाही. काय नोंदलं गेलं ती सगळी नावं समोर येतील.

एनिफा : आली?

टाकोंड्वा : आली. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस.

मायी : मोठ्यानं वाच, बाळा. खालपर्यंत जाऊ दे.

टाकोंड्वा : आगोगो एस्नार्ट.

एनिफा : पुन्हा म्हण. तिला कमी ऐकू येतं.