चिचटोल्याचं दुसरं भांडं

धर्मेंद्र : ...अन् मथळा असा : ‘चिचटोल्यात रसायनशास्त्राची मशाल’. कसा वाटतो, इश्वरभाऊ?

इश्वर : सर, हे छापाच्या आंधी एक गोष्ट सांगाची होती.

धर्मेंद्र : आधी ऐका तर. विज्ञान शाखेचं वार्तापत्र आज चार वाजता छापायला जातंय. ‘दिघोरीपलीकडच्या चिचटोल्यात तुळसाबाई या वृद्धेवर जादूटोण्याचा आळ होता. आमच्या विभागानं भर चौकात दोन भांड्यांत होम मांडला. पहिल्यात प्रा. धर्मेंद्र यांनी मंत्र म्हणत साधं तूप ओतलं. काही झालं नाही. दुसऱ्यात तुळसाबाईंनी ओतलं, आणि काडी न लावता जाळ झाला. मग सरांनी उलगडा केला : दुसऱ्या भांड्यात जांभळी पूड होती आणि वरून ओतलं ते तूप नव्हतं, ग्लिसरीन होतं. ताकद बाईत नाही, बाटलीत आहे!’ खाली आगामी कार्यक्रम : बुधवारी विज्ञान दिन, साकोलीच्या सभागृहात हाच प्रयोग, तुळसाबाईंच्याच हस्ते.

इश्वर : बाटली इथंच आहे जी.

धर्मेंद्र : कोणती बाटली?

इश्वर : ग्लिसरीनची. अन् पुडीबी. प्रयोगशाळेच्या कपाटात, लाल डब्यात. आज सकाळी सापडली. सरावासाठी एक साधा डबा भरला होतो, साधं तूप अन् भुशाची पुडी, तोबी लालच. गाडी हॉर्न मारून राहिली होती, घाईत तोच उचललो. चिचटोल्याले दोन्ही डबे साध्या तुपाचेच गेले, सर.

धर्मेंद्र : काहीतरीच! जाळ झाला ना? अख्ख्या चिचटोल्यानं पाहिला.

इश्वर : तेच तं.

धर्मेंद्र : आणा तो डबा इकडे... सीलची पट्टी तशीच आहे. तुमची सही, शुक्रवारची तारीख. वजन करा.

इश्वर : केलो जी. तीनदा. जेवढं भरलो तेवढंच आहे.

धर्मेंद्र : मग भांड्यात आधीचा निखारा राहिला असेल.

इश्वर : भांडं कोरं होतं. ओल्या फडक्यानं मीच पुसलो.

धर्मेंद्र : कुठंय ते?

इश्वर : हे पाहा. आणलो तसंच आहे, अजून घासलो नाही.

धर्मेंद्र : ...ती जांभळी पूड जळली की तळाला काळपट तपकिरी खपली धरते. इथं तर नुसती पांढरी राख आहे.

इश्वर : आमच्या चुलीत राहते तशी.

धर्मेंद्र : कोणाला बोललात?

इश्वर : बायकोलेबी नाही.

धर्मेंद्र : बोलायचंही नाही. हे चिचटोल्यात पोचलं तर काय होईल, कळतं ना? तिथल्या भैय्यालालचं पोरगं तापानं गेलं, तेव्हापासून तुळसाबाईला बोरिंगवर पाणी भरू देत नव्हते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडाला बांधायची भाषा चालली होती. आपण दाखवून दिलं म्हणून सुटली बिचारी.

इश्वर : आपण काय दाखवलो, सर?

धर्मेंद्र : इश्वरभाऊ!

इश्वर : रागावू नका जी. तुमीच तं पोराईले म्हणता, प्रश्न विचारा म्हणून.

धर्मेंद्र : आमच्या आज्यानं छप्पन साली घरचे देव तलावात सोडले. त्याचा नातू मी. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. कारण असेलच. मला सापडलं नाही, एवढंच.

इश्वर : असनच. मंग हे भांडं घासाले मन काहून नाही होत माझं?

(दारात तुळसाबाई. चपला काढून हातात घेतलेल्या.)

तुळसाबाई : येऊ का जी आत?

धर्मेंद्र : अरे, मावशी! या, या. चपला घाला, इथं चालतात. कार्यक्रम तर बुधवारी आहे. आज इतक्या दूर कशा आल्या?

तुळसाबाई : बसनं आली. बसत नाही, बाबू. एक विचारतो अन् जातो. त्या भांड्यात तुमची दवाई होती ना?

धर्मेंद्र : होती की. सगळ्यांसमोर सांगितलं ना.

तुळसाबाई : ते लोकाईले सांगतलं. मले सांगा. वास तं तुपाचा आला. लोनी कढवता कढवता म्हातारी झाली मी, मले तूप समजत नाही का?

इश्वर : डब्यात आंधी तूप ठेवलं असन, मावशी. वास राहते.

तुळसाबाई : तू नको बोलू, बापा. सरले बोलू दे. लोक म्हणत, तुळसा करते. मी म्हणो, माझ्या हातात काहीच नाही. जिंदगीभर हेच म्हटली. कोनी मानत नव्हतं, पर मले तं मालूम होतं ना! तेवढंच होतं माझ्यापाशी. आता लोक मानतेत, अन् मलेच मालूम नाही.

धर्मेंद्र : मावशी, असं मनात आणू नका.

तुळसाबाई : रुपा, माझी पोरगी, बाळंत झाली. घरी आहे माझ्या. होमाच्या दिवसापासून मी त्या लेकराले हात नाही लावली. रुपा रडते. म्हणते, माय, घे ना तिले. मी म्हणतो, सर्दी आहे मले. भैय्यालालच्या पोराच्या डोक्यावरून मी हात फिरवली होती जी, तापात. दुसऱ्या दिवशी गेलं ते. तवा मले काहीच वाटलं नव्हतं.

धर्मेंद्र : त्याला मेंदूचा ताप होता. डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला.

तुळसाबाई : तुमी मले एकच सांगा. दवाई होती, का नव्हती? नसन तं मी उद्या घर सोडतो. लेकरापासून दूर, कुठंबी.

धर्मेंद्र : होती. पुडी माझ्या हातानं टाकली होती.

तुळसाबाई : शपथ घ्या.

धर्मेंद्र : मी शपथ घेत नाही, मावशी. आमच्या घरात कोणीच घेत नाही.

तुळसाबाई : मंग मी कशी मानू?

धर्मेंद्र : ...माझ्या आज्याची शपथ. होती.

तुळसाबाई : बस, बाबू. झालं माझं. बापा, रडून काय राहिली मी! संध्याकाळी तेल मीच लावीन लेकराले. पायात काही दमच नाही पोरीच्या, चोळा लागते. येतो जी, साडेतीनची बस आहे.

इश्वर : ...पळतच गेली, सर. वळूनबी नाही पाहिली.

धर्मेंद्र : तो लाल डबा फोडा. सगळं बेसिनमध्ये ओता.

इश्वर : सगळं? मंग आपल्यापाशी पुरावा काय राहिला?

धर्मेंद्र : ओता म्हटलं ना.

इश्वर : बेसिन पुरं जांभळं झालं जी.

धर्मेंद्र : नळ चालू ठेवा. आणि बातमी आहे तशी पाठवा, एक शब्द बदलू नका.

इश्वर : अन् बुधवारी साकोलीले? पयल्यात साधं तूप, दुसऱ्यात औषध, तसंच ना?

धर्मेंद्र : नाही. दोन्हीत औषध टाका.

इश्वर : मंग लोकाईले फरक कसा दिसन? साध्याशिवाय प्रयोगच होत नाही, तुमीच तं शिकवता.

धर्मेंद्र : नाही दिसला तरी चालेल. मावशी येणार आहेत, साधं तूप त्या दिवशी गाडीतच घेऊ नका.